सात दिवसांच्या गोळ्या

मिदहत,

मी दमनहूरला ताईकडे जातेय. मुलुखियाची पालेभाजी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव. लसूण जास्त पडलाय, माझं लक्ष नव्हतं.

तपासणीचा निकाल आला. माझ्या दोन्ही गर्भनलिका बंद आहेत, म्हणजे आपल्याला मूल होणार नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हा क्लॅमिडिया जुना दिसतोय. शरीरसंबंधातून लागतो तो. आधी काय घेत होतीस?" मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या औषधवाल्या शुक्रीकडचं अमॉक्सिसिलिन. पोटात दुखलं की तो पाकीट कात्रीनं कापून दोन कॅप्सूल द्यायचा." त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, त्यानं हा जंतू मरेलच असं नाही. कधी कधी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो. मग खरं औषध दिलं तरी त्याला पुरतं लागू पडत नाही." मागच्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं औषध तसंच वाया गेलं असावं, म्हणाल्या.

शुक्रीशी भांडायला जाऊ नकोस. तो बिचारा केस गळले तरी तेच देतो. त्याच्याकडे दर वेळी मला तूच पाठवलंस. "दवाखान्यात कशाला जातेस? तिथे नको नको ते विचारतात." काय विचारतात हे तुला आधीच ठाऊक होतं, हे आज माझ्या डोक्यात आलं.

डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासाठी दिलेल्या गोळ्या फ्रिजवर आहेत. सकाळ-संध्याकाळ एकेक, सात दिवस. बरं वाटतंय म्हणून तिसऱ्या दिवशी थांबू नकोस. माझ्यासाठी नाही म्हणत, माझं आता वाचवण्यासारखं काही उरलं नाही. पण तू काही एकटा राहणाऱ्यातला नाहीस. जी येईल, तिला तरी मूल होऊ दे.

नगवान