डावीकडचा कोपरा

सर,

काल मॅडमनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "सरांकडे इतकी वर्षं राहून तू नक्की काय शिकलास रे?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना देऊन उपयोग नव्हता, ते तुम्हाला द्यायला हवं. आणि तुम्हाला जाऊन आता इतका काळ लोटला आहे, की मध्येच तोडून "मुद्द्यावर ये" असं तुम्ही म्हणू शकत नाही. म्हणून सावकाश लिहितो.

मॅडम म्हणजे तुमच्या शेवटच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनी, ज्यांना तुम्ही पाठीमागे 'चष्मा' म्हणायचात, त्याच. वाघोलीला कॉलेजांच्या मागच्या बाजूला एका शेडमध्ये त्यांनी कारखाना काढला आहे. तिथे तुमचीच जाळी बनते, जखमेवर लावायची. यंत्र मोठं आहे, पण काम तेच. पॉलिमर कोमट पाण्यात मधासारखं होईपर्यंत ढवळायचं, त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळायचे, ते सिरिंजमध्ये भरायचं आणि विजेचा मोठा दाब द्यायचा. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, त्यातून डोळ्यांना न दिसणारा धागा उडतो आणि समोरच्या फिरत्या पिंपावर गुंडाळला जातो. सुई डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत राहते. संध्याकाळपर्यंत पिंपावर पांढरी कातडी धरते. ती सोडवायचं काम अजून माझ्याकडेच आहे, कारण बाकीच्यांच्या हातून ती फाटते.

ते मी कुठे शिकलो हे तुम्हाला आठवतं का? प्रयोगशाळेत नाही. तुमच्या नारायण पेठेतल्या घरी, स्वयंपाकघरात. मी नवीन होतो, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, आणि सुट्टीत तुमच्याकडे कामाला लागलो होतो. सलग काही जाळ्या माझ्या हातून फाटल्या होत्या. तुम्ही मला घरी घेऊन गेलात, तापवून निवलेल्या दुधाचं पातेलं माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, "साय उचल. अख्खी. फाटली तर चहा नाही." काकू ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, पोरगं मांजरी गावाहून बसनं आलंय, चहा तरी द्या आधी." तुम्ही म्हणालात, "चहा पळून जात नाही, साय जाते." मी कडेनं चमचा फिरवतो आहे, साय सुटते आहे, आणि तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही आहात, पेपर वाचता आहात. अख्खी साय ताटलीत आली तेव्हा तुम्ही पेपरातून मान वर न करता एवढंच म्हणालात, "जमलं. शुद्धलेखन बरं आहे, आता हातही बरा आहे. बाकी सगळा अंधार." मला ते कौतुक वाटलं. घरी जाऊन मी आईला सांगितलंसुद्धा.

मी तुमच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायचो, तुमच्या भाषणांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचो. दुसऱ्या वर्षाची परीक्षा आली तेव्हा तुमचं परदेशी पाहुण्यांना दाखवायचं काम ऐन भरात होतं. मी रजा मागितली. तुम्ही म्हणालात, "त्या डिप्लोमात तुला शिकवणार कोण? ज्यांना मी शिकवलं, ते. मग थेट माझ्याकडूनच शीक की." मी परीक्षेला बसलो नाही. पुढच्या वर्षीही बसलो नाही. त्या दिवाळीत तुम्ही जपानहून आणलेला एक चिमटा मला दिलात, लांब, चपट्या टोकाचा, मखमली डबीतला. सगळ्यांसमोर म्हणालात, "हा घे तुझा डिप्लोमा." सगळे हसले. मीही हसलो. आई दर दिवाळीला विचारायची, "परीक्षा कधी देनार हायेस?" मी म्हणायचो, सर आहेत ना. मग ती म्हणायची, "सर हायेत तवर ठीक हाय." तुम्ही एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. महिन्याभरानं मी परीक्षेचा अर्ज भरायला कॉलेजात गेलो, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमची मुदत केव्हाच संपली. इतकी वर्षं काय करत होता?"

पण हे सगळं मी गिळलं असतं. मला लिहायचं आहे ते कोपऱ्याबद्दल.

जाळी तयार झाली की तिचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली फोटोला पाठवायचा. तुमची रीत ठरलेली होती. "डावीकडचा कोपरा काप." कायम डावीकडचा. त्या फोटोत धागे सरळ, एकसारखे, आणि त्यांच्यावर चांदीचे कण अगदी सारख्या अंतरानं, तुळशीच्या मंजिरीवर बी बसावं तसे. एकदा मी आपला एक उजवीकडचाही तुकडा पाठवला. मला सगळं नीट लागतं, तुम्हाला माहीत आहे. त्या फोटोत कणांचे गठ्ठे होते. काही धागे जाड आणि गाठाळ, काहींवर चांदीचा पत्ता नाही. मी घाबरून तुमच्याकडे आलो. मला वाटलं माझं मिश्रण चुकलं. तुम्ही फोटो बघितलात आणि जराही दचकला नाहीत. म्हणालात, "उजवीकडे सुई शेवटी पोचते, तोवर सिरिंजमध्ये कण एकमेकांना चिकटतात. ते होणारच." मी विचारलं, "मग हा फोटो लेखात घालायचा नाही?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "लग्नाच्या अल्बममध्ये आपण रडणाऱ्या पोराचा फोटो लावतो का? आणि उजवीकडचं कापायला तुला कोणी सांगितलं? मी शहाणी माणसं पगारावर ठेवत नाही."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला हेच सहन होत नाही. तुम्हाला कळलं नसतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं. तुम्हाला उपायही शोधता आला असता, तेवढी बुद्धी तुमच्याकडे होती, वेळही होता. पण डावा कोपरा सुंदर होता, लेख छापून येत होते, हार पडत होते.

आता त्याच लेखावर कारखाना उभा आहे. गेले काही महिने जाळी चाचणीत नापास होते आहे. काचेच्या ताटलीत जंतू वाढवून त्यावर जाळीची चकती ठेवतात. चांदी नीट असेल तर चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ दिसतं. आमच्या एका चकतीभोवती वर्तुळ येतं, दुसऱ्या चकतीच्या कडेपर्यंत जंतू वाढतात. मॅडम म्हणतात, "सरांची कृती चुकीची असूच शकत नाही. तुझा हात चुकतोय." बी.ई. झालेल्या एका मुलाला त्यांनी सोमवारी भेटायला बोलावलं आहे. मी माझ्या हाताकडे बघतो. वजन करताना श्वास रोखून धरणारा माणूस मी, दाराची कडी तीनदा बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. रात्री झोपताना खरंच वाटायला लागलं होतं, की हातच चुकत असेल.

काल तो प्रश्न विचारून झाल्यावर बाकीचे जेवायला गेले. मी मॅडमना थांबवलं. तुमच्याच चिमट्यानं त्यांच्यादेखत जाळीचे तीन तुकडे काढले, डावा, मधला, उजवा, आणि तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. कारखान्यात आता आमचा स्वतःचा आहे. उजव्या तुकड्यावर त्या बराच वेळ थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सरांच्या वेळी पण असंच होतं?"

"सरांच्या वेळी इकडचं कापत नव्हतो, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून पुसला. एक क्षण मला वाटलं, आता त्या तुमच्यावर चिडतील, आणि मला बरं वाटेल. पण त्या म्हणाल्या, "उद्या हॉस्पिटलसाठी नमुने जाणार आहेत. डावीकडचेच भर. मागाहून आपण दुरुस्त करू. अल्बममध्ये रडकं पोर कशाला." अगदी तुमच्याच आवाजात, सर. शब्दसुद्धा तेच.

मी म्हणालो, "मॅडम, पेशंटच्या जखमेला अल्बम नाही लावत. अख्खी जाळी लावतात."

त्यांनी पर्स उचलली. "नमुने तूच भरणार आहेस," त्या म्हणाल्या. "आणि नोकरीही तुझीच आहे."

हे तुमचं शिकवणं. तुमच्याकडून पदवी घेऊन गेले ते कोपरा कापायला शिकले, आणि मी पदवी न घेता साय उचलायला.

आज मी लवकर आलो आणि नमुने भरले. तीन पाकिटं केली. एकावर 'डावी बाजू', एकावर 'मध्य', एकावर 'उजवी बाजू' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. न्यायला आलेल्या माणसानं विचारलं, "तिन्ही एकाच जाळीचे?" मी हो म्हणालो. मॅडमना दुपारी कळेल. पुढचं काय ते मला माहीत नाही, आणि आईला अजून काही सांगितलेलं नाही.

हे पत्र काकूंना दाखवावं असं एकदा मनात आलं होतं. नाही दाखवणार. त्यांच्या भिंतीवर डाव्या कोपऱ्याचा तो फोटो अजून फ्रेममध्ये आहे, त्या रोज पुसतात.

डाव्या बाजूचा एक तुकडा उरला होता. उरलेला नमुना टाकून द्यायचा असतो. तो मी टाकला नाही. चिमट्याच्या डबीत, मखमलीवर ठेवला आहे. मघाशी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. तुम्ही आत्ता दारातून आला असतात ना, सर, तर मी तुम्हाला आधी तोच दाखवला असता.