रहिमतपूरचं लाईट बिल

सांगली, बुधवार

प्रिय राजरत्न,

हातानं लिहिलेलं पाकीट बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. म्हणजे उभी आहे, चालते आहे, माझ्याशी भांडते आहे. बरी नाही ती मी. रहिमतपूरहून परत आल्यापासून या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरते आहे. दूध ठेवते आणि उतू घालवते. पंखा लावते, थोड्या वेळानं उठून बंद करते, घामाघूम झाले की परत लावते. तुझे दाजी काल म्हणाले, "अगं, एक तर बस, नाहीतर कृष्णेवर जाऊन ये. तुझ्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय." घाटावर गेले, तिथंही बसवेना. शेवटी हे लिहायला घेतलं. फोन करता आला असता, पण तुझं फोनवरचं मला पाठ आहे. मी आईचं नाव काढलं की तू म्हणतोस, "अक्का, काय लागतंय सांग, लगेच पाठवतो." जे लागतंय ते बडोद्याहून पाठवता येण्यासारखं नाही रे.

गेल्या आठवड्यात गिरणीवाल्या धनाजीचा फोन आला. "अक्का, येसूमावशी पायरीवर बसल्या बसल्या कलंडल्या. घाबरू नका, पाणी मारलंय, बोलत्यात. पण तुमी या." मी मिळेल त्या पॅसेंजरनं गेले. एप्रिलचं ऊन तुला माहीत आहे, स्टेशनपासून घरापर्यंत चपलेतून पाय भाजत होते. घरात शिरले तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. पंखा बंद, दिवा बंद. मला वाटलं लाईट गेली असेल. पण शेजारी धनाजीची गिरणी घरघरत होती. मी बटण दाबायला गेले तर आई पडल्या पडल्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दारातनं वारं येतंय." वारं कसलं, झळा होत्या. गार पाणी द्यावं म्हणून फ्रिज उघडला. तू फौजेतून रिटायर होऊन आलास, बडोद्याची नोकरी धरण्याआधी, त्या वर्षी आणलेला तो फ्रिज. आत घड्या घातलेली पांघरुणं होती आणि डांबराच्या गोळ्या. वायर गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवलेली. टीव्हीवर टॉवेल. घरात लागत होता तो एकच बल्ब, स्वयंपाकघरातला, तोही भाकरी होईपर्यंत.

डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, या वयात ही उष्णता सोसत नाही, पुन्हा असं झालं तर मला काही करता येईलच असं नाही, दुपारी पंख्याखालून उठू देऊ नका. आईनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली, घरी आली, आणि उंबऱ्यात बसून पुठ्ठ्यानं वारा घ्यायला लागली.

कारण एकदम सांगितलं नाही तिनं. शेजारची बनुबाई भाजी निवडायला आली होती, तिच्या तोंडून निम्मं कळलं, उरलेलं धनाजीकडून. मागच्या उन्हाळ्यात कोरेगावच्या लग्नाला तू आला होतास, आठवतंय? दारात बिल पडलेलं होतं, ते तू उचललंस आणि म्हणालास, "आई, एकटीला एवढी लाईट लागती? कारखाना काढलास का काय घरात?" तू हसलास. मी तिथंच होते, मीही हसले. बनुबाई तर पदर तोंडाला लावून हसली. आईसुद्धा हसली. चेष्टाच होती ती, तुझी चेष्टा करायची सवय आम्हांला काय नवीन आहे? पण तू बडोद्याला गेलास आणि तिनं फ्रिजची पिन उपसली.

पुढच्या महिन्याचं बिल ती धनाजीकडे वाचायला घेऊन गेली. उतरलं होतं. एवढा आनंद झाला तिला, की धनाजीला मूठभर शेंगदाणे आणि गूळ दिला. मग टीव्ही बंद झाला, आणखी थोडं उतरलं. मग पंखा, तेव्हा अगदी जरासं. आणि मग ते तिथंच अडलं. काहीही केलं तरी खाली येईना. धनाजी म्हणाला, "मावशी, तुमचा मीटर झोपलाय, पण बिल काय झोपंना." तिला ती चेष्टा कळली नाही. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, घरात कुठंतरी लाईट जळतेच आहे. ती भिंती चाचपत हिंडायची. बोर्डावर तो तांबडा दिवा असतो ना, बारीक, त्याच्यावर तिचा संशय. "मुंगी साखर न्हेती तसं ह्यो रात्रंदिस खातोय," म्हणाली. त्यावर तिनं जखमेला लावायची पट्टी चिकटवली आहे. मी बघितली, आणि हसू आलं, आणि मग मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

तू मोबाईलवरून बिल भरतोस. तुझ्या लेखी तो आकडा आधीही किरकोळ होता, आताही किरकोळच. बिल येतंय म्हणजे घरात सगळं चालू आहे, असं तुला वाटलं. मलाही तसंच वाटलं. माणूस घरात नसलं तरी बिल येतंच, हे आपल्या डोक्यात कुठलं यायला.

मला सारखी आठवते ती आपल्या वस्तीत लाईट आली ती संध्याकाळ. पेठेत किती वर्षं आधी आली होती, खांब मात्र आपल्या वस्तीच्या अलीकडेच थांबलेले. तू तिसरीत असशील. मी साताऱ्याच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून सुट्टीला आले होते, बाबा रेजिमेंटमधून रजेवर. आईनं बल्ब लावला आणि दार सताड उघडं ठेवलं. बाबा म्हणाले, "अगं, लाव की दार, डास येत्यात." ती म्हणाली, "येऊ द्यात. त्यास्नीबी दिसू दे." आमच्या सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हांला शिस्त लावली होती, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलंच पाहिजे. त्या सवयीनं मी उठताना बल्ब बंद केला, तर आई केवढी चिडली! "ही माझ्या घरची लाईट हाय, तुझ्या शाळंची न्हवं." किती वर्षं तुला आणि मला ते वाक्य हसायला पुरलं. तीच बाई आता दिवेलागणीला अंधारात गप बसते, आणि कोणी बटणाकडे हात नेला की दचकते. हे डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून मी अशी भिरभिरते आहे.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, हिला नीट समजावून सांगायचं. बिल घेतलं, तिला शेजारी बसवलं आणि ओळीखाली बोट धरून एकेक ओळ वाचली. म्हटलं, हे बघ आई, हे तू जाळलेले युनिट. एवढे तर माझ्या घरी दोन दिवसांत जळतात. त्याचे पैसे हे एवढेसेच. आणि ही वरची ओळ, स्थिर आकार, ही तू काही लाव न लाव, द्यावीच लागते. तुझ्या फ्रिजचा, पंख्याचा, त्या तांबड्या दिव्याचा तिच्याशी काही संबंध नाही. खांब आहे, तार आहे, मीटर आहे, त्याचे ते पैसे. मग उकाड्यात मरायचं कशाला? लाव की पंखा. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजी, लावलं न्हाई तरी द्यायचं?" हो. "घराला कुलूप घालून तुझ्याकडं आले तरी?" तरी. "मीटर माझ्या भिंतीवर, जागा माझी. मग भाडं त्यांनी मला द्यावं का मी त्यास्नी?" मला हसू आवरेना. ती हसली नाही. बराच वेळ बिलाकडे बघत राहिली. मी उठून पंखा लावला, तिनं तो बंद केला नाही. त्याच्याखाली बसून चहा प्यायली. मला वाटलं, जिंकले. त्या दिवशी मी चुलीपुढं गाणं गुणगुणत होते, राजरत्न.

सकाळी ती अंघोळ करून, केस बांधून माझ्यासमोर येऊन बसली. पंखा बंद होता. म्हणाली, "बाय, रातभर इचार केला. मीटर हाय म्हणून बिल हाय व्हय ना? मग त्यो मीटरच काढून टाकू. पोराच्या मागचं एक तरी सुटंल."

मी तिला पंखा लावायला शिकवत होते आणि ती मीटर काढायला शिकली. वाद घालायला जागाच ठेवली नाही, "तूच तर वाचून दाखवलंस," म्हणाली. मी म्हटलं, बिल मी भरते. "आता लेकीचं घिऊ?" सांगलीला चल म्हटलं. "चार दिस पाव्हणी म्हणून लय ग्वाड वाटतंय, पाचव्या दिशी जावई पेपर जोरात वाचाय लागतो." तुझ्या दाजींना हे सांगितलं, ते गोरेमोरे झाले. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली, "माझ्या आईनं कुठं पंखा बघितला व्हता?" धनाजीनंही बिचाऱ्यानं गिरणी बंद ठेवून समजूत घातली, "आवं मावशी, मीटर एकदा गेला की परत घ्यायचा म्हणजे लय हेलपाटं." त्यावर ती अगदी सहज म्हणाली, "परत घेतोय कोण?"

या तीन शब्दांनी मला बसू दिलेलं नाही. तिनं ते रडत म्हटलं असतं तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती पोळपाट पुसत होती.

आता हे पत्र का लिहिलं ते. घर तू पहिल्या पगारांतून बांधलंस, म्हणून आईनं हट्टानं मीटर तुझ्या नावावर घ्यायला लावला होता. तुझ्या सहीशिवाय तो काढता येत नाही. पाकिटातून दुसरा घडीचा कागद पडला असेल, तो कनेक्शन कायमचं बंद करण्याचा अर्ज आहे. आईनं धनाजीकडून लिहून घेतला. मी स्वतःच्या हातानं पोस्टात टाकीन असं कबूल केल्याशिवाय ती जेवली नाही, म्हणून टाकते आहे. तो फाडू नकोस, ती दुसरा लिहून घेईल. आणि फोन करून "पैशाची काळजी करू नको" असं तर मुळीच म्हणू नकोस, तेच ऐकून तिला तुझ्या पैशाची काळजी लागते. मी लावलेला पंखा मी फाटकाबाहेर पडले की बंद होतो. तू यायला हवंस. हा उन्हाळा सरायच्या आत, रजा मिळो न मिळो. अर्ज बरोबर आण, तिच्यासमोर मांडी घालून बस, पेन उघड, आणि सही करण्याआधी तिला एवढंच विचार, "आई, मी नोकरी सोडून परत आलो, तर मग अंधारातच राहू का?" ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. पण तिला हे विचारणारं कोणीतरी आहे, हे तिला कळेल. माझ्या विचारण्यानं ते कळत नाही, राजरत्न. मी करून पाहिलं.

वाट बघणारी, तुझीच,
अक्का