बिनचाकाची विमाने

दि. १२ ऑगस्ट

मी, टेकचंद वल्द सेवकराम, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सुतारकी, शिक्षण चौथी उत्तीर्ण, राहणार आंबागड, तालुका तुमसर — या वहीत खरे तेच लिहीन.

मुलगा अंकुश याने नागपूरच्या एका कारखान्याचे काम आणले आहे. बिनमाणसाच्या लहान विमानांचे लाकडी सांगाडे व पंख. यंत्र तिकडे बसवितात. धानावर औषध फवारण्याची विमाने असावीत. अंकुशला विचारले नाही. मुलाला विचारून काम समजून घ्यावे, असा मी सुतार नाही!

दि. १५ ऑगस्ट

नकाशात चूक आहे. चाकेच दाखविलेली नाहीत! वस्तू उतरणार कशावर? तान्ह्या पोळ्याला पोरे ओढतात ते लाकडी नंदीसुद्धा आमच्या घरून चाकांशिवाय गेलेले नाहीत. सागाची चाके करून प्रत्येक सांगाड्याला बसविली. रीतीप्रमाणे हळदकुंकू लावले. पत्नी गोदावरीबाईने ओवाळले. नव्या बैलबंडीला निरोप देताना म्हणतो, तेच म्हणालो — "सुखरूप जा, सुखरूप घरी ये."

दि. १८ ऑगस्ट

माल परत आला. अंकुश फाटकातूनच ओरडत आला. "बाबा, चाकं काहून लावले? सारे हसून राहिले तिथं! म्हणे, तुमचा बुढा याले बैल जुंपते का?"

"उतरेल कशावर?"

"उतराचंच नाही ना त्याले! सस्तं बनवाचं, बारूद भराचं, सोडाचं. दुश्मनावर जाऊन पडते, तिथंच खतम. वापस याचं कामच नाही."

"दुश्मन म्हणजे कोण?"

"आता ते मले काय सांगतेत? ज्याच्यावर पडन तो!"

गोदावरीबाईने हातातील सूप खाली ठेवले. "अजी, आपण ओवाळलं ना त्याले," एवढेच म्हणाली.

मला प्रथम राग आला तो माझ्या चाकांना ते लोक हसले म्हणून. हे लिहिताना लाज वाटते. परंतु खरे तेच लिहायचे आहे.

दि. १९ ऑगस्ट

चाके काढली. भोकांत लाकडी खुंट्या ठोकून ती बुजविली. एका सांगाड्याची चाके काही निघेनात. तो अंगणात ठेवून बाकीचा माल पाठवून दिला.

दि. २० ऑगस्ट

नातू प्रविण फौजेत आहे, सीमेवरील चौकीवर. त्याचा फोन आला. सर्व सांगितले. तो म्हणाला, "बनवा आबाजी. ते गेलं त मले जावं लागत नाही."

त्याच्याकरिता पुन्हा कामास बसलो. कुंकू लावले नाही. कडा मात्र पूर्वीसारख्याच घासल्या. खडबडीत ठेवायचे ठरविले होते — हात ऐकेना. ज्याच्या छपरावर ती पडेल, त्याला गुळगुळीत कडेचे काय?

दि. २३ ऑगस्ट, तान्हा पोळा

यंदा पणतीसाठी नंदी घडविला नाही. गुड्डी ही प्रविणची मुलगी. तिने अंगणातील त्या सांगाड्यालाच दोरी बांधली, पाठीवर झूल टाकली आणि ओढत शेजारच्या बाबुलालच्या दारी नेला.

"वा! हा कोणता बैल वं?" बाबुलाल म्हणाला.

"विमान-बैल! आबाजीनं बनवला."

त्याने बोजाऱ्याचा, म्हणजे नंदी आणणाऱ्या पोरांना द्यायच्या खाऊचा, लाडू हातावर ठेवला. तिने तो सांगाड्यापुढे धरला. "खा लवकर. मंग घरी जाऊ."

मला तेथे उभे राहवले नाही.

दि. ४ सप्टेंबर

दुसरी खेप गेली. मी घराबाहेर आलो नाही.

दि. १४ सप्टेंबर

प्रविणच्या चौकीवर पलीकडचे तसलेच विमान पडले. प्रविण जखमी. शेजारचा जवान गेला.

गोदावरीबाई माझ्याकडे पाहत नाही.

दि. ५ ऑक्टोबर

प्रविण सुटीवर आला. डावा हात गळ्यात बांधलेला. पिशवीतून त्या विमानाच्या सांगाड्याचा तुकडा काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. "पाहा आबाजी, याचं बी लाकडाचंच हाय."

अंगठा फिरविला. लाकूड आमच्या भागातील नाही. कड हाताने घासलेली आहे. सांध्यातील सरस निगुतीने पुसलेला. खालच्या अंगास, चाके असावीत त्या जागी, दोन भोके — खुंट्या ठोकून बुजविलेली!

यापुढे मी हे काम करणार नाही. अंकुशला तसे सांगितले.

हे लिहिताना हजर असलेले साक्षीदार : पत्नी गोदावरीबाई. नातू प्रविण. आणि पलीकडचा एक सुतार — नाव ठाऊक नाही.