ऑफ झाली

बेलापूर, मंगळवार संध्याकाळ

मावशी गेली. तिच्या मुलाचा, सायमनचा फोन आला, "ताई, आई ऑफ झाली. लई तरास न्हाई झाला."
शी! आई म्हणजे काय पाण्याची मोटार?
मी शाळेत इंग्रजी शिकवते. तास ऑफ, पंखा ऑफ, सेलमध्ये साडीवर ऑफ, आणि आता माणूसही! इंग्रजीत एका एफचा ऑफ (of) आणि दोन एफचा ऑफ (off), हे दोन्ही मुळात एकच शब्द. एक नातं जोडतो, दुसरा तोडतो. सायमनला तोडणाराच सापडला. आम्हा ख्रिस्ती लोकांत माणूस प्रभूमध्ये निजतो. इतका मऊ शब्द घरात असताना ऑफ?
मग पुण्याला लेकीला फोन लावला. 'निजली' ओठांवर आलं, पण ते म्हटलं असतं तर रडूच फुटलं असतं. म्हणाले, "मावशीआजी ऑफ झाली गं."
चटकन निघालं तोंडातून. शी!