उकंडीचा कॅन्सर

माय, तू जिचं नाव उकंडी ठेवलं होतंस, ती तुझी पोरगी अजून जिवंत आहे. हे पत्र नात लिहून घेते आहे. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. लिहू दे, शिकली आहे.

माझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तू मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलंस. मरणानंही म्हणावं, हा केर कोण नेतो! आणि गावात कुणाच्या अंगावर फोड आले की तूच हात जोडून म्हणायचीस, देवी आल्या. मला अजून दिसतं, चुलीपाशी बसून एवढीशी मी विचारते आहे, "माय, पोरगी उकंडी अन् रोग देवी, असं काऊन वं?" तू भाकर थापत म्हणतेस, "रोगाले नावं ठेवली तं तो रागावते. तू रागावून कुठं जाशीन? जेवाले इथंच येशीन."

आता ऐक. यंदा माझे गाल लालबुंद झाले, आंघोळ केली की अंगभर खाज. शेजारणी म्हणाल्या, म्हातारी उजळली. वर्ध्याच्या दवाखान्यात सांगितलं, रक्त जास्त झालं. जन्मभर बायांचं रक्त कमीच ऐकलेलं. मी तर पेढे वाटायला निघाले होते! दर महिन्याला बाटलीभर रक्त काढायचं ठरलं. एका महिन्यात भेंडी तोडणीला आली, मी दवाखान्यात गेलेच नाही, आणि वाफ्यातच भोवळ येऊन पडले.

मग दोघा डॉक्टरांची जुंपली. थोरले म्हणाले, "नुसतं रक्त वाढलंय, कॅन्सर म्हणून घाबरवू नका." धाकटा म्हणाला, "हाडात बेसुमार रक्त तयार होतंय, मग दुसरं काय म्हणायचं? साधं नाव दिलं, म्हणूनच आजी आल्या नाहीत. रक्ताची गाठ मेंदूत गेली असती तर?" माझ्या लेकाचा चेहरा पांढरा पडला. नातीला बघायला नाचणगावचे पाहुणे येणार होते. कॅन्सरच्या घरात लोक पाणी पीत नाहीत, तर सोयरीक कोण करणार?

धाकट्यानं नवं कार्ड काढून मलाच विचारलं, "आजी, काय लिहू?"

"लिही बाप्पा कॅन्सर. मोठ्या नावाले मी भेईन तरी."

"आणि तुमचं नाव?"

"उकंडी."

लेक दचकला. "आई, हे कोण?"

सासरी मला देवीचंच नाव दिलेलं. माहेरचं त्याला ठाऊक कुठलं? मी म्हटलं, "कॅन्सर उकंडीले झाला. पाहुण्यांले चहा देणारी बाई येगळी हाय."

पाहुण्यांनी चहा घेतला, माझ्या गालांचं कौतुक केलं. तेव्हा नातच म्हणाली, "आजीला कॅन्सर आहे, पण ती मरत नाही." मी कपाळावर हात मारला. मुलाची आजी हसली आणि म्हणाली, "मंग लग्नात नाचाले कामी येईन." हळद पुढच्या महिन्यात आहे.

नात विचारते, पत्ता काय घालू? मी म्हटलं, राहू दे, सांडग्यांच्या डब्याखाली ठेव.

आता मी एकही महिना चुकवत नाही. घरचे म्हणतात, कॅन्सरला भ्याली. तुला खरं सांगते. दवाखान्यात कंपाउंडर दारात येऊन ओरडतो, "उकंडीबाई!" तू गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. पहिल्या हाकेला मी ओ देत नाही. ऐकू न आल्यासारखी बसून राहते, त्यानं पुन्हा ओरडावं म्हणून.