नसलेल्या लॉन्ड्रीची पाटी

ती. दादांना नमस्कार,

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं नव्हतंत. (उतरताना दुखत असेल तर चालणं सोडू नका. हे माझं मत आहे, डॉक्टरांचं नव्हे.) इथे तुमच्या दोन्ही बहिणी खुशाल आहेत. धाकटीचे हात सोलले आहेत, पण ती हसते आहे. मी तर इतका आनंदात आहे की काल एका दवाखान्याच्या पाटीतल्या अक्षरांना पैसे न घेता सावली दिली.

आनंदाचं कारण सांगण्याआधी एक दुःखाची गोष्ट सांगावी लागेल. आमच्या साडूंनी, म्हणजे तुमच्या धाकट्या मेहुण्यांनी, लॉन्ड्रीसाठी तुमच्याच जुन्या बँकेचं कर्ज काढलं आणि तुम्ही त्याला जामीन राहिलात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लॉन्ड्री नव्हती, हे ठाऊक नसावं. शिंप्याशेजारचा एक गाळा होता, यंत्रं विकणाऱ्या मित्राने दिलेलं खोटं बिल होतं, आणि साडूंच्या दारात एक मोटार उभी होती. बँकेचा माणूस पाहणीला येणार म्हणून त्यांनी मला पाटी रंगवायला सांगितली. "फोटोपुरती करा भाऊसाहेब, फार जीव ओतू नका," असं ते म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, घाई आहे.

दादा, फोटोपुरती पाटी मला येत नाही. मी पत्रा घासला, रंगाचे तीन हात दिले, दोरी मारून ओळी आखल्या, पिवळी अक्षरं काढून त्यांना लाल सावली दिली. तरी खाली वीतभर जागा मोकळी राहिली. मोकळी जागा मला बघवत नाही. (तुमच्या बहिणीच्या मते माझ्या स्वभावाचा हाच एक दोष आहे. बाकीचे ती सवयी मानते.) म्हणून मी तिथे आपल्या मनाने लिहिलं, 'त्याच दिवशी परत'. ओळ अशी बसली की मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन दोनदा पाहून आलो.

पाटी ठोकून झाल्यावर मी गाळ्यातल्या धुण्याच्या यंत्राच्या खोक्याला टेकलो. हात आरपार गेला. आत विटा होत्या. खोकं वाऱ्याने हलू नये म्हणून. बँकेच्या माणसाने दारातूनच फोटो काढले आणि पाटीची स्तुती करून तो गेला.

मग आठ दिवस माझ्या डोक्याचा भुगा झाला. तक्रार करावी तर साडू तुरुंगात जायचे. न करावी तर हप्ते थकल्यावर बँक तुमच्या पेन्शनला हात घालणार. शिवाय त्या फोटोत माझी पाटी होती, म्हणजे खोट्यात माझाही हात रंगलेला. घरात विचारलं तर तुमची बहीण म्हणाली, "सांगितलंत तर बहिणीच्या घरी मला तोंड नाही. नाही सांगितलंत तर दादासमोर नाही. आता तुम्हीच ठरवा, आणि लवकर ठरवा, भाजी करपते आहे." मी ठरवलं. नवव्या दिवशी सकाळी लिहायला बसलो, आणि जे लिहिलं त्याबद्दल पुढे कधीतरी बोलू.

त्याच दिवशी गाळ्यासमोर हॉस्पिटलच्या मेट्रनबाई उभ्या होत्या. पायाशी नर्सच्या पांढऱ्या कपड्यांची तीन गाठोडी. आधीच्या चार दिवसांत शटर बंद पाहून लोकांनी कपडे शिंप्याकडे टाकले होते, आणि शिंपी साडूंच्या नावाने खडे फोडत होता. साडू म्हणत होते, यंत्र बिघडलंय. मेट्रनबाईंनी नुसतं वर बोट केलं.

"हे काय लिहिलंय?"

"ते ह्यांनी लिहिलंय," साडू माझ्याकडे बघून म्हणाले.

"कोणी का लिहिलं असेना. संध्याकाळी कपडे द्या, नाहीतर पाटी उतरवा."

साडू शिडी आणायला निघाले. मी त्यांचा दंड धरला. आयुष्यात मी कोणाच्या अंगाला हात लावलेला नाही, पण उभ्या आयुष्यात माझी एकही पाटी खाली उतरलेली नाही. म्हटलं, गाठोडी उचला.

आमच्या न्हाणीघरात चौघं बसलो. दोन बहिणींनी कपडे चोळले, मी पिळले, साडूंनी इस्त्री केली. (ते इस्त्री उत्तम करतात. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांच्या बायकोला हे त्या दिवशी कळलं. आता त्यांची सुटका नाही.) संध्याकाळी सात वाजता कपडे हॉस्पिटलात पोचले. मेट्रनबाईंनी एकेक घडी मोजली आणि म्हणाल्या, उद्या चादरी पाठवते.

तीन दिवस चादरी पिळल्यावर साडूंनी मोटार विकली. त्याच मित्राकडून यंत्रं आणली, खोक्यांतल्या विटा काढून यंत्रांखाली लावल्या. आज लॉन्ड्रीत उभं राहायला जागा नाही. पहिला हप्ता काल भरला, पावती माझ्यासमोर आहे. दादा, एका ओळीने एक माणूस सरळ केला. पोलिसाला जमलं असतं? तुमची पेन्शन सुखरूप आहे. लोभ असू द्या.

तुमचा,
थोरला मेहुणा

ता. क. चालणं गुडघ्याला चांगलं असतं, म्हणून एक सुचवतो. बँकेतल्या तुमच्या जुन्या शाखेपर्यंत जाऊन यावं. दाराशी तक्रारपेटी आहे. ती एक तारखेला मॅनेजर स्वतः उघडतात. किल्ली शिपायाकडे असते, आणि तो तुमच्याच खटपटीने कायम झाला. त्यात एक निळा लिफाफा आहे. तो एक तारखेच्या आत घरी यावा.

ता. क. २. लिफाफा शोधावा लागणार नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी वेडंवाकडं लिहायचा फार प्रयत्न केला, तीन कागद फाडले. जमलं नाही. शेवटी अक्षरांना सावलीही दिली गेली. बँकेच्या दारावरची पाटी माझीच आहे, तिच्याखालून मॅनेजर रोज जातात, तेव्हा उशीर करू नये.

ता. क. ३. जामीनदाराने स्वतः लिहिलं तर बँक मनावर घेईल असं वाटल्यामुळे आत खाली तुमची सही आहे. रागावू नका, सही सुंदर आली आहे. तुमची शेवटची रेघ जराशी लोळते, ती मी सरळ केली. लिफाफा परत मिळाला नाही तर यापुढे बँकेत तशीच करत जा, नाहीतर तुमची खोटी ठरायची.