उत्तर आलं नाही तर

शनिवार, १४ मार्च
दुपारी तीन

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कालपासून जरा कमी दुखतोय. जिना अजून एकेक पायरी करत उतरते आणि वर "मी काही म्हातारी झालेली नाही" हेही ऐकवते. नळवाला येऊन गेला. गळती थांबली, भिंत मात्र ओलीच आहे.

वहिनी संध्याकाळी आईला भेटायला येणार आहे, तिच्या हाती हे पत्र देते. तू फोन उचलत नाहीस म्हणून नाही. उचलला असतास तर मीच चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलून ठेवून दिला असता. दवाखान्याच्या बाकावर तुझ्या शेजारी दोन तास बसले होते, तेव्हाही तेच केलं. तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास, "मी हिरवं बघितलं होतं गं. बघूनच त्याला आत सोडलं." मी म्हटलं, "पाणी पी."

माझं काम काय, असं तू नेहमी चेष्टेने विचारतोस. आज सांगते. तुमच्या माणसांना सुरक्षेचे धडे देणारी वेबसाइट वेगळी, आणि माणसं टाकीत सोडताना तुझ्या हातात असतो त्या टॅबवरचं ॲप वेगळं. त्या दोघांचं बोलणं मी जुळवून दिलं. माणसाने कार्ड टेकवलं की ॲप वेबसाइटला विचारतं, याचे सातही धडे झाले का? झाले तर हिरवं, नाहीतर लाल. विचारणारा ओळखीचा आहे हे कळावं म्हणून ॲप दर वेळी एक टोकन दाखवतं. ओळखपत्रच म्हण. त्यालाही मुदत असते.

गेल्या वर्षी चाचणी चालू होती तेव्हा नेटवर्क सारखं तुटायचं. उत्तर यायचं नाही आणि टाकीपाशी रांग लागायची. आमचे साहेब वैतागले. "उत्तर आलं नाही तर हिरवं दाखव. तात्पुरतं. काम अडता कामा नये." मी तसं लिहिलं. दहा मिनिटांचं काम होतं.

पुढे 'ते काढायचं राहिलं' असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मला दोनदा आठवलं होतं. तक्रारी थांबल्या होत्या, शाबासकीही मिळाली होती. चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला, म्हणून सोडून दिलं.

२ फेब्रुवारीला टोकनची मुदत संपली. तेव्हापासून वेबसाइट प्रत्येक प्रश्नाला "मी तुला ओळखत नाही" एवढंच सांगते आहे आणि ॲप त्यालाही 'उत्तर आलं नाही' असंच धरून सरसकट सगळ्यांना हिरवं दाखवतंय. तू एकदा जेवताना म्हणालासही होतास, "हल्ली आमच्याकडे सगळे शहाणे झालेत, एकही लाल येत नाही." तेव्हा माझ्या घशात घास अडकला नाही. मीही हसले.

तू आत सोडलेल्या त्या वेल्डरचे सातपैकी तीनच धडे झाले होते. वायूचा वास येत नसला तरी आत मास्क काढायचा नाही, हा पाचवा. तो त्याने उघडलेलाच नव्हता.

तो गेला त्याच्या दोन दिवसांनी मी नोंदी काढून बघितल्या आणि तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी दार लावलं. माझ्यासाठी चहा मागवला.

"नोंदी पंचेचाळीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पण सर, ते अजून चालू आहे. टोकन आत्ता बदलू?"

"बदललंस तर बदलल्याची तारीख दिसेल. चौकशी होऊ दे." मग अगदी मायेने म्हणाले, "तुझा भाऊच होता ना तिथे? त्याला म्हणावं, शांतपणे आठवून बघ. घाईत माणसाला लालही दिसत नाही कधीकधी."

याला तीन आठवडे झाले, दादा. तुझ्यावरच खापर फोडायचं ठरलंय हे मला तीन आठवडे माहीत आहे.

काल संध्याकाळी मी त्या नोंदी छापून घेतल्या. आज सकाळी घरून बघायला गेले तर माझा पासवर्ड चालेना. थोड्या वेळाने साहेबांचा मेसेज आला, "काल प्रिंटर तू वापरलास का?" मी उत्तर दिलेलं नाही. तेवढ्यात आणखी एक आला, "आई कशी आहे?" आईच्या गुडघ्याबद्दल मी ऑफिसात कधी कुणापाशी बोललेले नाही.

सोबत बेचाळीस पानं आहेत. १९ फेब्रुवारीच्या सव्वादहाच्या ओळीवर पेन्सिलने खूण केली आहे. प्रश्न विचारला, ओळख नाकारली, हिरवं दाखवलं. तुझे डोळे चांगले आहेत. तू खोटं बोललेला नाहीस.

दुसरी प्रत मी स्वतः चौकशी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. तिथला शिपाई म्हणाला, अधिकारी सोमवारी अकराला येतील, तेव्हाच पाकीट उघडतील. आणि वहिनी सांगत होती, सोमवारी आठ वाजताच चार नंबरची टाकी उघडायची आहे, सहा माणसं उतरणार आहेत. म्हणून हे पत्र. त्या हिरव्यावर कुणालाही आत सोडू नकोस. अडवून धर. आरडाओरडा होईल, तुला कामावरून घरी पाठवतील, तरी हलू नकोस. मी साडेसातला फाटकावर येते आहे. आत घेतलं नाही तर बाहेरूनच ओरडून सांगेन.

वेल्डरच्या बायकोकडे तू एकटा गेला होतास. आता मला जायचं आहे. तिथे काय बोलायचं ते मी चार वेळा लिहून फाडलं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती पुढच्या खोलीत बसून वहिनीची वाट बघते आहे.

माफ कर, असं आज लिहीत नाही. आधी सोमवार जाऊ दे.

तुझी,
बारकी